जुनं ड्रिल बिट ओळखायचं कसं? आधी शेपटी बघा

सोलापुरात जुनी अवजारं अजून भरपूर सापडतात, आणि त्याला कारण आहे. १८६० साली इथे रेल्वे आली. १८७७ मध्ये आपण जिला 'जुनी मिल' म्हणतो ती सुरू झाली आणि पुढे एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणी म्हटली की तिचं वर्कशॉप आलं, फिटर आले, टर्नर आले, सुतारखातं आलं. भोंगे बंद पडले तरी वर्कशॉपमधला माल हवेत विरला नाही. काही मंगळवार बाजारात आला, काही भंगाराच्या दुकानांत किलोवर गेला, आणि काही शहराच्या पूर्व भागातल्या घरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात तसाच पडून आहे. अशाच एखाद्या डब्यातून एक विचित्र, गंजलेलं, पिळाचं लोखंड हाती लागतं आणि प्रश्न पडतो की हे नेमकं काय आहे, कशाला वापरायचे आणि कधीचं असेल.

नवशिका माणूस असं बिट, म्हणजे भोक पाडायचं पातं, हातात घेतो आणि सरळ टोकाकडे बघतो. माझं सांगणं उलट आहे: आधी शेपटी बघा. शेपटी म्हणजे यंत्रात किंवा मुठीत अडकणारा भाग, ज्याला फिटर शँक म्हणतात. टोकाला आयुष्यभर धार लावली जाते, ते झिजतं, मोडतं, कुणीतरी आपल्या सोयीने घासून वेगळंच करून ठेवतं. शेपटीला सहसा कुणी हात लावत नाही. कारखान्यातून निघताना ती जशी होती, तशीच बहुधा आजही असते. त्यामुळे बिट कोणत्या यंत्राचं होतं हे तीच सांगते, आणि यंत्र कळलं की निम्मं कोडं सुटलं.

पहिलं काम: साफ करा, पण घासू नका

जवळ ठेवायच्या वस्तू साध्या आहेत: व्हर्नियर कॅलिपर (व्यास मोजायचं साधन), भिंग, टॉर्च, पांढरा खडू, जुना टूथब्रश आणि वाटीभर रॉकेल. रॉकेल नसेल तर डिझेल चालतं. विस्तवापासून लांब, मोकळ्या हवेत काम करा.

गिरणीतून आलेल्या लोखंडावर गंजापेक्षा वाळून कडक झालेल्या तेलाचा काळा थर जास्त असतो. बिट रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं की तो थर मऊ होतो आणि सकाळी ब्रशने निघतो. ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून चकाचक करण्याचा मोह होईल, तो टाळा. शेपटीवरचे आकडे आणि कारखान्याची नावं कधीकधी केसभर खोल असतात, ती एका मिनिटात पुसली जातात. व्हिनेगर किंवा ॲसिडही आधी नको, त्याने अक्षरांच्या कडा खाल्ल्या जातात.

साफ झाल्यावर शेपटीवर खडू आडवा घासा आणि जास्तीची पूड बोटाने पुसा. खोलगट अक्षरांत पांढरं भरतं. मग टॉर्च समोरून न धरता बाजूने, जवळजवळ लोखंडाला समांतर धरा. दिवसा उन्हात न दिसलेलं नाव अंधाऱ्या खोलीत असं सहज वाचता येतं.

शेपटी वाचा

इथे घाई करू नका.

शेपटी चौकोनी आणि टोकाकडे निमुळती असेल तर ते बिट ब्रेसचं आहे. ब्रेस म्हणजे सुतार वरची मूठ एका हाताने किंवा छातीने दाबून दुसऱ्या हाताने फिरवतो ते वाकड्या दांड्याचं अवजार. हे जवळजवळ नेहमी लाकूडकामाचं असतं. त्या चौकोनाच्या एखाद्या कडेला छोटी खाच कोरलेली आहे का ते भिंगाने पाहा. जबड्यांचा चक, म्हणजे बिट आवळून धरणारी पकड, रूढ होण्याआधीच्या ब्रेसमध्ये स्प्रिंगचा खटका असायचा आणि तो त्या खाचेत बसून बिट धरून ठेवायचा. जबड्यांच्या चकाचं बार्बर यांचं अमेरिकन पेटंट १८६४ चं आहे. पण इंग्लंडमध्ये खटक्याचे ब्रेस त्यानंतरही चालू राहिले, म्हणून खाच दिसली की लगेच दीडशे वर्षांचं वय सांगून मोकळे होऊ नका. खाच पद्धत सांगते, साल नाही.

चौकोन जाड आणि दणकट असेल आणि पुढचं अंग मात्र लोखंड भोकायच्या, पिळाचे चर असलेल्या ट्विस्ट ड्रिलसारखं असेल, तर ते रॅचेट ब्रेसचं आहे. बॉयलर, पूल, रेल्वेचे रूळ अशा ठिकाणी, जिथे यंत्र नेता येत नाही तिथे, दांडा मागेपुढे करून हे ड्रिल चालवत. रेल्वे आणि गिरण्यांच्या गावात ते सापडणं साहजिक आहे, पण हल्लीच्या माणसाला ते कोड्यात टाकतं.

शेपटी गोल, निमुळती आणि शेवटी चपटी जीभ असलेली असेल तर तो मोर्स टेपर. लेथवर किंवा मोठ्या ड्रिल मशीनवर तो थेट स्पिंडलमध्ये, म्हणजे यंत्राच्या पोकळ दांड्यात, बसतो. हा टेपर नंबराने ओळखतात. जाड बाजूचा व्यास मोजा: १ नंबरला सुमारे १२.१ मि.मी., २ नंबरला १७.८, ३ नंबरला २३.८ आणि ४ नंबरला ३१.३ येतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला कुठलाही टर्नर नुसत्या नजरेने हा नंबर सांगेल, तरी स्वतः मोजायची सवय लावून घ्या.

शेपटीच्या जागी लोखंडी कडी असेल तर तिच्यातून लाकडी दांडा आडवा घालून दोन्ही हातांनी फिरवायचं ते मोठं गिरमिट. जाड वासे, बैलगाडीचं लाकूड, रेल्वेचे लाकडी स्लीपर अशा कामांना लांब गिरमिटं लागत. स्लीपरमध्ये खिळा ठोकण्याआधी भोक पाडावंच लागायचं, नाहीतर लाकूड तडकतं.

बारीक गोल शेपटी, तिच्यावर अर्धचंद्रासारखी खाच आणि अंगावर पिळाऐवजी दोन सरळ चर असतील तर ते पुश ड्रिलचं बिट. मूठ दाबली की बिट गरकन फिरतं, असं ते अवजार. बिजागरीच्या स्क्रूला आधी भोक पाडायला सुतार ते वापरत.

शेपटी गोल आणि निमुळती आहे, पण जीभ नाही आणि पुढे उभे चर आहेत, असं आखूड बिट मिळालं तर ते भिंतीचं असण्याची शक्यता मोठी. हे मुठीत बसवून हातोडीने ठोकत ठोकत फिरवायचं. आपले वायरमन ज्याला रावल प्लग म्हणतात, त्याच्या भोकासाठी हे बिट असे. लंडनच्या जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास तो प्लग काढला, त्यांच्याच नावावरून तो ओळखला जातो.

आणि शेवटची शेपटी आपल्या मातीतली. कानशीच्या मागच्या टोकासारखी अणकुचीदार, लाकडात ठोकून बसवायची. ही सामत्याची. सामता म्हणजे कमानीच्या दोरीने फिरवायचं ड्रिल, जुन्या सुतारांच्या पेटीत असायचंच. याची खात्री मात्र टोकाकडे बघूनच होते, ते पुढे येतंच.

साधी गोल, सरळ शेपटी असेल तर तीन जबड्यांचा चक, एवढंच. त्यातून फारसं काही कळत नाही. षटकोनी शेपटी बहुतेक वेळा अलीकडची.

अंग: पीळ कसा आहे?

ब्रेसच्या बिटांत दोन घराणी ठळक आहेत. बिट डोळ्यासमोर आडवं धरा. दोन पट्ट्या एकमेकींभोवती गुंफल्यासारख्या दिसतात आणि मध्ये दांडी नाही, तर तो जेनिंग्ज पद्धतीचा पीळ. रसेल जेनिंग्ज यांचं पेटंट १८५५ चं. मध्ये सलग दांडी आहे आणि तिच्याभोवती एकच पट्टी वेढत गेली आहे, तर तो अर्विन पद्धतीचा. जेनिंग्जचं भोक अधिक सफाईदार पडतं, अर्विनचं बिट कणखर असतं आणि सहसा वाकत नाही. म्हणूनच जुन्या साठ्यात वाकलेली बिटं जेनिंग्जची जास्त दिसतात.

पीळच नाही, अर्ध्या नळीसारखं किंवा चमच्यासारखं अंग आहे, तर ते शेल किंवा स्पून बिट. ही फार जुनी जात. खोल भोकात ती लाकडाच्या रेषांबरोबर भरकटत नाही, म्हणून ट्विस्ट ड्रिल आल्यावरही टिकली.

लोखंडाच्या ड्रिलला दोन पिळांचे चर ही आपल्याला सवयीची गोष्ट. त्याचं मूळ स्टीफन मोर्स यांच्या १८६३ च्या अमेरिकन पेटंटमध्ये आहे. त्याआधी भाल्याच्या फाळासारखी चपटी ड्रिलं असत. पण लोहार अशी चपटी ड्रिलं नंतरही कितीतरी वर्षं घडवत राहिले, म्हणजे चपटं दिसलं तरी ते १८६३ पूर्वीचं असेलच असं नाही. पीळ संथ, लांब लांब असेल तर ते पितळेसाठी. चर अगदी सरळ असतील तर पितळ किंवा पातळ पत्रा. तीन किंवा चार चर असून टोकाला मधोमध कापायची धारच नसेल, तर ते कोअर ड्रिल. ते नवं भोक पाडत नाही, ओतकामात आधीच असलेलं भोक मोठं करतं.

टोक: आता पाहा

लाकडाच्या बिटाला पुढे पेच असतो, तो बिटाला लाकडात ओढून घेतो. पेचाचे आटे विरळ असतील तर मऊ लाकडासाठी, दाट असतील तर सागवान-शिसवीसारख्या कठीण लाकडासाठी. पेचाऐवजी नुसतीच अणी असेल तर ते मशीनवर चालवायचं बिट, कारण मशीनवर दाब माणूस किंवा यंत्र देतं, ओढणारा पेच तिथे नकोच असतो. बाहेरच्या कडेच्या दोन नख्या भोकाचा गोल आधी कापून घेतात आणि मधली पाती लाकूड उचलतात. नख्या घासून पार गेलेल्या असतील तर बिट खूप वापरलेलं आहे.

सरकणारी पात आणि ती आवळायला स्क्रू असं टोक दिसलं तर ते एक्स्पान्सिव्ह बिट. एकाच बिटाने लहानमोठी भोकं पाडता येतात. क्लार्क यांचं त्यावरचं पेटंट १८५८ चं. बाहेरून पूर्ण गोल कडा आणि तळ सपाट पाडणारं टोक असेल तर ते फोर्स्टनर, पेटंट १८७४.

आता सामता. चपट्या भाल्यासारख्या टोकाच्या दोन्ही पात्या भिंगाखाली पाहा. नेहमीचं ड्रिल एकाच दिशेने फिरतं, म्हणून प्रत्येक पातीला एकाच बाजूने उतार असतो. सामता दोरीबरोबर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरतो, म्हणून त्याच्या पातीला दोन्ही बाजूंनी सारखा उतार असतो आणि धार अगदी मधोमध येते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा चुकत नाही. अशा बिटाच्या शेपटीकडे, जिथे कुणी घासलेलं नसतं तिथे, कधीकधी बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसते. ते कानशीचे दात. जुनी कानस तापवून लोहाराने त्याचं बिट घडवलेलं असतं. असं बिट कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळणार नाही, आणि मला विचाराल तर जपून ठेवायला तेच सगळ्यात मोलाचं.

आकडे आणि अक्षरं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि शेपटी आधी का वाचायची तेही इथेच पटतं. समजा बिटावर नुसता ८ हा आकडा आहे.

शेपटी ब्रेसची चौकोनी असेल तर ८ म्हणजे इंचाचे आठ-सोळांश, अर्थात अर्धा इंच, १२.७ मि.मी. शेपटी गोल सरळ आणि अंग ट्विस्ट ड्रिलचं असेल तर ८ हा नंबर गेजचा (ड्रिलच्या जाडीला दिलेल्या ठरावीक नंबरांचा), म्हणजे ०.१९९ इंच, सुमारे ५.०५ मि.मी. आणि शेपटी पुश ड्रिलची असेल तर ८ म्हणजे ११/६४ इंच, जवळपास ४.४ मि.मी. एकच आकडा आणि तीन वेगळी भोकं.

नंबर गेजमध्ये आकडा वाढतो तसं ड्रिल बारीक होत जातं: १ नंबर ०.२२८ इंचाचं, ८० नंबर ०.०१३५ इंचाचं, केसासारखं. एकटंच इंग्रजी अक्षर असेल तर ते अक्षर गेज: 'ए' ०.२३४ इंच, 'झेड' ०.४१३ इंच.

आकडा वाचता येत नसेल तर मोजा. ब्रेसचं बिट नख्यांच्या बाहेरून मोजायचं, पिळावर नाही, कारण अंग मुद्दाम किंचित बारीक ठेवलेलं असतं. आलेले मिलिमीटर १.५८७५ ने भागा. १४.४ आले तर भागाकार ९.०७ येतो, म्हणजे बिट ९ नंबरचं, ९/१६ इंचाचं.

वय ठरवायला काही खुणा कामी येतात. भारतात वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा, आणि १९५८ ते १९६२ या काळात तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. नुसते इंच लिहिलेलं देशी बिट त्याच्या आधीचं असण्याची शक्यता जास्त, खात्री मात्र नाही. 'एच.एस.' किंवा 'एच.एस.एस.' अशी अक्षरं असतील तर ते हायस्पीड स्टील. ते जगासमोर आलं १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात, म्हणजे बिट नक्कीच त्यानंतरचं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं. शेफील्डचं नाव इंग्लिश बिटांवर फार सापडतं. रिजवे हे तिथलंच लाकडाच्या बिटांचं नाव, आणि डॉर्मर लोखंडाच्या ड्रिलचं. ज्या शेफील्ड ट्विस्ट ड्रिल कंपनीचा डॉर्मर हा छाप, ती १९१३ ची. पेटंटची तारीख कोरलेली असेल तर तिचा अर्थ एवढाच की बिट त्या तारखेच्या आधीचं नाही. तीच तारीख कारखाने पुढे कितीतरी वर्षं छापत राहत.

एक उदाहरण: 'दाभण' निघालं ब्रेसचं बिट

भंगाराच्या ढिगात एक लांबच लांब बिट दिसलं. दीडेक फूट, पेन्सिलीपेक्षा बारीक, आणि टोकाच्या थोडं मागे आरपार आडवं भोक. दुकानदार अण्णांनी ठामपणे सांगितलं, "पोती शिवायचं दाभण आहे की ओ ते!" टोकाकडून बघितलं तर त्यांचं बरोबरच होतं, दाभणालाही असंच नेढं असतं.

पण शेपटी चौकोनी आणि निमुळती. दाभण कुणी ब्रेसमध्ये घालून फिरवत नाही. म्हणजे हे फिरवायचं अवजार. मग अंग पाहिलं, तर एक उथळ चर टोकापर्यंत गेलेला, आणि टोकाला अगदी छोटा पेच. म्हणजे लाकडासाठी. इतकं लांब आणि बारीक भोक लाकडात कशाला लागतं? तार ओवायला. हे बेल हँगरचं बिट. जुन्या बंगल्यांत एका खोलीतून ओढलेल्या तारेने दुसऱ्या खोलीतली घंटा वाजायची. ती तार चौकटीतून आणि तक्तपोशीतून न्यायला हे बिट वापरत. भोक पलीकडे निघालं की तारेचं टोक त्या नेढ्यात अडकवायचं आणि बिट मागे ओढायचं, तार आपोआप इकडे येते. पुढे विजेच्या वायरीही अशाच ओढल्या गेल्या.

फसवणारे तुकडे

काही वस्तू बिटासारख्या दिसतात, पण बिट नसतात. निमुळतं अंग, उलट्या दिशेचा पीळ आणि कापायची धार नाही, तर तो ईझी आउट, मोडलेला बोल्ट काढायचा. उलट्या पिळाचं पण नीट धार असलेलं मात्र खरंच डाव्या हाताचं ड्रिल असतं. ब्रेसच्या शेपटीचं आणि पुढे चपटं, बोथट टोक असलेलं लोखंड म्हणजे स्क्रू पिळायचं बिट. पुढे वाटीसारखं तोंड आणि आत पात असेल तर ते पोकळ ऑगर. बैलगाडीच्या किंवा टांग्याच्या चाकाच्या आऱ्याला गोल कूस काढायला असली अवजारं लागतात.

पोलाद कोणतं?

हे शेवटी, आणि गरज असेल तरच. ग्राइंडरला क्षणभर टेकवलं तर साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढुरक्या-पिवळ्या आणि फुलबाज्यासारख्या फुटणाऱ्या, हायस्पीडच्या मंद, लालसर आणि कमी. पण मोठ्या ड्रिलची शेपटी पुष्कळदा साध्या पोलादाची असते आणि अंग हायस्पीडचं, दोन्ही जोडलेले. शेपटीची ठिणगी बघून अंगाचा निष्कर्ष काढू नका. दुर्मिळ वाटणाऱ्या बिटाला तर ग्राइंडर लावूच नका. ठिणग्यांपासून डोळे वाचवणारा चष्मा विसरू नका.

फरक माहीत असणं कामाचं आहे, कारण कार्बन पोलादाला धार लावताना ते निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला. थोडं घासा, पाण्यात बुडवा, पुन्हा घासा. लाकडाची बिटं तर ग्राइंडरवर न नेता बारीक कानशीनेच धारेला लावा. नख्या आतल्या बाजूने घासा. बाहेरून घासल्या तर भोक बारीक होतं आणि अंग आत अडकतं.

पेचाचं, चौकोनी शेपटीचं बिट विजेच्या ड्रिलमध्ये घालू नका. तीन जबडे चौकोनाला नीट धरत नाहीत, आणि पेच वेगाने लाकडात घुसला की बिट अडकून मशीनच हातात फिरतं. मनगट मुरगळायला तेवढं पुरतं.

तरीही कळलं नाही तर

चार फोटो काढा: पूर्ण लांबी पट्टीशेजारी, शेपटी बाजूने, शेपटी सरळ पाठीमागून, आणि टोक सरळ समोरून. शिक्क्याचा पाचवा, खडू लावून आणि टॉर्च आडवी धरून. मग विचारायला जा. लाकडाचं वाटत असेल तर हातमागाची किंवा डॉबीच्या (मागावर नक्षी विणायच्या यंत्रणेच्या) लाकडी पट्ट्यांची कामं केलेल्या वयस्कर सुतारकाकांना, लोखंडाचं वाटत असेल तर गिरणीत किंवा रेल्वेत फिटर म्हणून काम केलेल्या मामांना. पूर्व भागात तेलुगू बोलणारी मंडळी खूप, अर्धं संभाषण तेलुगूत होईल, पण बिट हातात दिलं की भाषा अडत नाही. त्यांनी सांगितलेलं नाव, काम आणि जागा लगेच लिहून बिटाला चिठ्ठी बांधा. बिट कुठून आलं, कोणत्या खात्यातलं, कुणाच्या पेटीतलं, ही माहिती लोखंडावर कोरलेली नसते, आणि ती सांगणारी माणसं आता मोजकीच आहेत.

चिठ्ठी बांधण्याआधी बिटाला मशीन ऑइलचा हात फिरवा. उन्हाळ्यात सोलापूरच्या कोरड्या हवेत काही होत नाही, पण जूनमध्ये हवा दमट झाली की उघडं पोलाद गंजायला लागतं.